अंबादास मास्तरांची अकरा आठांची ओळ

मे महिन्यातला दुसरा शनिवार. वेळ – सकाळी साडेदहा. ठिकाण – सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतला आमचा चादरींचा कारखाना, पोटमाळ्यावरची डिझाईन रूम.

हजर – १) मी, ऑफिस आणि स्टोअर सांभाळणारी. २) अंबादास मास्तर, डिझाईन मास्तर, वय चौऱ्याहत्तर. ३) सलीमभाई, इलेक्ट्रिशियन. गैरहजर – मालक, पुण्याला लग्नाला. गेटवर वॉचमन होता, पण तो वर आलाच नाही, त्यामुळे त्याला धरत नाही.

हे असं लिहितेय, कारण मला दुसरं काही जमत नाही. माझ्या पर्समध्ये कायम एक वही असते – काम, तारीख, कोण करणार, झालं की बरोबरची खूण. भुताखेतांसाठी त्यात कधी रकाना नव्हता. ऑफिसच्या दारावरचं लिंबू-मिरची दर शनिवारी मीच आणते, पण ते स्टोअरच्या यादीत आहे म्हणून. या सदरातले अनुभव मी डबा खाताना वाचायची आणि मनात म्हणायची – आधी वायरिंग तपासा. आता माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे... आणि वायरिंग मी तपासलेलं आहे, हे सुरुवातीलाच सांगून ठेवते.

तर कॉम्प्युटरची गोष्ट.

डिझाईन रूममधला डेस्कटॉप पंधरा-सोळा वर्षांचा. ज्या मागांवर चादरीत चित्रं विणली जातात – मोर, हत्ती, कमळं – त्या जॅकार्ड मागांना डिझाईन या कॉम्प्युटरमधून जातं. ते सॉफ्टवेअर देणारी कंपनी केव्हाच बंद झाली. आणि देताना त्यांनी ते याच कॉम्प्युटरच्या मदरबोर्डला बांधून दिलं होतं. दुसऱ्या मशीनवर टाकलं की उघडत नाही. डिझाईनच्या फाईलींच्या कॉपी आहेत, दोन पेनड्राईव्हवर, दोन वेगवेगळ्या कपाटांत. पण त्या उघडणार कशात? हा डबा गेला की सगळं गेलं.

सगळं म्हणजे अंबादास मास्तरांची चाळीस-बेचाळीस वर्षं. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला सूज आहे. समोरचं धूसर, कडेकडेचं दिसतं. मोठ्या घरांचा कागद, जाड पेन्सिल आणि भिंग घेऊन थोडंफार भरतात, पण एक डिझाईन नव्यानं काढणं आता त्यांच्याच्यानं होणार नाही. त्या दसऱ्याला काम सोडून हैदराबादला लेकीकडे जायचं त्यांचं ठरलं होतं. मास्तर घरी तेलुगू बोलणारे, मला 'अम्मा' म्हणतात. जाण्याचा विषय निघाला की एकच म्हणायचे, "अम्मा, माझ्यामागं ही चित्रं विणली गेली पायजेत. बाकी मला काय नको."

एप्रिलमध्ये कॉम्प्युटरची हार्ड डिस्क टकटक करायला लागली. नवी आणली, तर कॉम्प्युटर तिला ओळखेचना. कारण बायोस जुनं. बायोस म्हणजे बटण दाबल्यावर विंडोजच्याही आधी जागा होणारा छोटा प्रोग्रॅम, मदरबोर्डवरच्या चिपमध्येच बसलेला. तो अपडेट केला की नवी डिस्क दिसेल, जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर घेता येईल. मदरबोर्ड तोच, म्हणजे सॉफ्टवेअरही चालेल. एवढी साधी गोष्ट.

पण अपडेट मिळेना. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीनं त्यांच्या साईटवरून ते पानच काढून टाकलेलं. तीन आठवडे चहाच्या सुट्टीत मी तेवढंच शोधत होते. कॅबिनेट उघडून, बॅटरी मारून, बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेला बारीक नंबर उतरवून घेतला – कारण एकाच नावाचे दोन बोर्ड निघालेले, आणि एकाची फाईल दुसऱ्यात घातली की बोर्ड दगड. शेवटी परदेशातल्या एका जुन्या फोरमवर कुणा भल्या माणसानं ती फाईल चढवून ठेवलेली सापडली. खाली चार जणांनी लिहिलेलं – आमच्याकडे चालली. सगळ्यांनी एकच ताकीद दिलेली : अपडेट सुरू असताना मशीन बंद करू नका. मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचा गेला.

म्हणून दुसरा शनिवार निवडला. सुट्टी, माग बंद, व्होल्टेज स्थिर. यूपीएस सलीमभाईंनी आदल्या दिवशी चार्ज करून ठेवलेला. मास्तरांना यायची गरज नव्हती, पण ते आले.

"चालतंय तोवर चालू दे की अम्मा," जिना चढताना त्यांनी पुन्हा एकदा सांगून पाहिलं. आमचा जिना लोखंडी, गोल. मास्तरांना सलीमभाई हाताला धरून चढवतात आणि उतरवतात.

"मास्टर, तुमी बी असंच म्हणत म्हणत डोळ्याचं ऑपरेशन ढकललं ना," सलीमभाई म्हणाले.

"तू गप रे. मॅडमनं तीन हप्ते अभ्यास केलाय. तुला यूपीएसचं बटण सापडंना काल."

"सापडलं की. नजर चांगली हाय आपली."

दहा पंचेचाळीसला मी पेनड्राईव्ह लावला. नंबर तीनदा जुळवला. बटण दाबलं. निळी स्क्रीन, मधे एक पट्टी, टक्का मोजणारा आकडा. चार-पाच मिनिटांचं काम, असं सगळ्यांनी लिहिलेलं. पट्टी सरसर अडतीस टक्क्यांपर्यंत गेली... आणि थांबली.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. अडतीसच.

बंद करता येत नाही, पुढं जात नाही. खोलीला खिडकी नाही – चादरींच्या उडत्या तुसापासून कॉम्प्युटर वाचावा म्हणून मुद्दामच ठेवलेली नाही. यूपीएसवर भार नको म्हणून एसी मीच बंद करून ठेवलेला. वर पत्रा. आम्ही तिघं त्या आकड्याकडे बघत बसलो.

मग कॉम्प्युटर वाजायला लागला.

जुन्या कॅबिनेटमध्ये एक छोटा भोंगा असतो, बटण दाबल्यावर एकदा 'बीप' करणारा. तो. आधी तीन लांब, मग दोन आखूड, पुन्हा तीन लांब. बारीकसा थांबा. परत. मोबाईलवर मी लगेच शोधलं – बिघाड झाला की ठरावीक बीप येतात, एक लांब दोन आखूड म्हणजे अमुक, असा तक्ता असतो. आमचं त्या तक्त्यात कुठंच बसत नव्हतं. थांबतच नव्हतं ते. एकसारखं नव्हतं, आणि वेडंवाकडंही नव्हतं.

मास्तर खुर्चीत टेकून बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. "...आरू, एडू, एनिमिदी." तेलुगूत आठपर्यंत मोजत होते. मग एकदम हसले.

"अम्मा, हे आठाआठानं थांबतंय. हे कार्ड सांगतंय!"

इथं थोडं थांबून सांगायला हवं. कॉम्प्युटर येण्याआधी डिझाईन ग्राफच्या कागदावर काढायचे. रंगवलेलं घर म्हणजे मागावर धागा उचलायचा, रिकामं घर म्हणजे सोडायचा. मग डिझाईन मास्तर एकेक ओळ मोठ्यानं सांगायचा – "एत्तू, एत्तू, विडू", म्हणजे उचल, उचल, सोड – आणि समोर बसलेला माणूस कागदाकडे न बघता, नुसतं ऐकून, पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पाडायचा. एक ओळ, एक कार्ड. आठ घरं झाली की सांगणारा श्वास घ्यायचा. ओळ संपली की आमचे मास्तर पेन्सिलीनं टेबलावर दोनदा टकटक करायचे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्याच दिवशी कळलं. कारण भोंग्यानं बारा आठ पुरे केले आणि दोन बीप जोडून दिले – टक-टक.

मास्तरांचं हसू गेलं.

"ही सवय माझी आहे," ते म्हणाले. "दुसरं कोणी असं करत न्हवतं."

"मास्टर, तुमचं भूत तुमी जिते हाय तवाच आलं की काय?" सलीमभाईंनी विचारलं. कोणी हसलं नाही, म्हणून तेच थोडं हसले.

मास्तरांनी ड्रॉवरमधून ग्राफचा कागद काढला, भिंग लावलं आणि भरायला सुरुवात केली. लांब बीपला घर रंगवायचं, आखूडला सोडायचं. वेळ जावा म्हणून, असं ते म्हणाले. शहाण्णव घरं, एक ओळ, टक-टक. मी सहज स्क्रीनकडे पाहिलं.

एकोणचाळीस.

दुसरी ओळ भरून झाली. चाळीस.

मी योगायोगावर सोडत नाही काहीच. त्यांना म्हटलं, पुढची ओळ भरू नका, नुसती ऐका. भोंगा वाजला, ओळ संपली, टक-टक झालं. आकडा चाळीसच. आणि भोंग्यानं तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मास्तरांनी भरली – एकेचाळीस. मग मी भरून पाहिली, माझ्या पेनानं, दुसऱ्या कागदावर. अगदी बिनचूक. हलला नाही. मास्तरांच्या हातची भरली गेली की हलायचा.

कागदावर काय चाललंय हे कॉम्प्युटरला कसं कळत होतं, हे मला विचारू नका. कॅमेरा नाही. इंटरनेट जोडलेलं नाही. अपडेटच्या वेळी विंडोजसुद्धा चालू नसतं.

ठरलं मग. एक टक्का, एक ओळ. शंभरापर्यंत साठेक ओळी, ओळीला दीड मिनिट. मी कागदाच्या मागं आठांचे हिशोब करत गेले – प्रत्येक आठाला एक काडी, बारा काड्या झाल्या की ओळ पूर्ण. मास्तरांना भिंगातून चुकल्यासारखं वाटलं तर माझ्याशी जुळवून घ्यायचं. सलीमभाई कार्डबोर्डनं वारा घालत होते – एकदा मास्तरांना, एकदा कॅबिनेटला.

ओळी खाली खाली उतरत गेल्या आणि कागदावर चित्र दिसायला लागलं. पोटाखालची झूल, झुलीचे गोंडे, मग पायाची सुरुवात. मास्तरांच्या आधी मी ओळखलं. "अहो, हा तर आपला अंबारीचा हत्ती!" आमची जुनी, गाजलेली चादर. अजूनही वर्षातून दोनदा ऑर्डर येते.

मास्तर वर न बघता भरत राहिले. पेन्सिल मात्र हळू झाली.

बारा वाजून पाच मिनिटांनी लाईट गेली. सुट्टीच्या दिवशी लाईनचं काम निघतं कधीकधी – मी आदल्या दिवशी चौकशी केली होती, तसं काही नाही म्हणाले होते. यूपीएस ओरडायला लागला.

"किती मिनिटं?" मी विचारलं.

"पंचवीस. मॅडम, बॅटरी जुनी हाय, तीसची गॅरंटी मागू नका," सलीमभाई म्हणाले. "मी खाली जनरेटर बघतो. पर त्याचं डिझेल काल मालकांच्या गाडीला..." ते वाक्य अर्धं टाकून मोबाईलचा टॉर्च लावून जिना उतरले.

अंधार, स्क्रीनचा निळा उजेड, दोन तऱ्हेचे आवाज – वर यूपीएसचा, खाली भोंग्याचा. आकडा एकाहत्तर. मी टॉर्च मास्तरांच्या कागदावर धरला. पुढची ओळ आली. मी काड्या मारत गेले... नऊ, दहा, अकरा, टक-टक.

अकरा? मला वाटलं, मीच चुकले. भोंग्यानं ती ओळ परत सांगितली. पुन्हा अकराच. मास्तरांची पेन्सिल सातव्या आठापाशीच थांबलेली. वरच्या ओळीशी ताडलं, तर तिथला एक अख्खा आठ नाहीच. त्यामुळे पुढचं सगळं आठ घरं अलीकडे सरकलेलं.

मास्तरांनी पेन्सिल ठेवली. "मला खाली घेऊन चल, अम्मा."

"मास्तर, आत्ता? वीस मिनिटं राहिली आहेत."

"मला गरगरतंय. खाली चल."

मी पाण्याची बाटली आणि बिस्किटं पुढं केली. साखर कमी झाली असेल म्हणून नाडी पाहिली, कपाळाला हात लावला. तसं काही नव्हतं. ते बिस्किट हातात धरून बसले आणि भोंगा तीच ओळ सांगत राहिला. अकरा, टक-टक. अकरा, टक-टक.

"मग भरा की एकदा," मी म्हटलं. त्यांनी भरली. पण त्यांनी ती बरोबर भरली – मधला सुटलेला आठ मनानं घालून, बारा पुरे करून, हत्तीचा गुडघा नीट जुळवून. आकडा एकाहत्तर. ओळ परत सुरू.

"मास्तर, ते सांगतंय तसं भरा ना."

"चुकीचं आहे ते."

"असू दे चुकीचं. कागदच आहे."

"तुला न्हाई कळायचं!" इतक्या वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले. उठून उभे राहिले, दाराच्या दिशेनं हात चाचपडत गेले. आणि इथं मी जे केलं ते लिहिलंच पाहिजे. मी दारात आडवी उभी राहिले. त्यांना जिना एकट्यानं उतरता येत नाही हे मला ठाऊक होतं, तरी. मी म्हटलं, "बसा. तुमचीच चित्रं आहेत. मी तुम्हाला जाऊ देणार नाही."

ते बसले. मग बोलले. टॉर्च माझ्या हातात होता, पण मी तो त्यांच्या तोंडावर नेला नाही.

"दशरथ नाव होतं त्याचं. कार्ड पाडायचा. कॉम्प्युटरच्या लई आधीची गोष्ट. हा हत्ती नवा काढला होता मी. पहिली खेप विणून बाजारात गेली आणि परत आली. प्रत्येक हत्तीच्या गुडघ्यावर आडवी चीर. एक ओळ आठ घरं सरकलेली. तवाचे मोठे मालक आले, म्हणाले ग्राफ दाखव. ग्राफ बरोबर. कार्ड दाखव. कार्ड चूक. मग चूक कुणाची? कार्डवाल्याची."

"आणि?"

"दशरथ म्हणत होता, मास्तर, तुमी सांगताना एक आठ गाळला. मी म्हटलं, मी बरोबर सांगितलं." ते थांबले. "माझी मुलगी तापानं फणफणली होती त्या दिवशी. माझं ध्यान न्हवतं. मला त्याच वेळी कळलं होतं, अम्मा. टक-टक केलं तवाच कळलं होतं. पण कार्डाला भोकं पडून गेली होती, म्हटलं दिसणार न्हाई कुणाला."

दशरथला काढलं. एका कार्डावर चुकणारा माणूस म्हणून नाव झालं आणि सोलापुरात कुठल्याच कारखान्यात त्याला कार्डाला बसवेनात. तो सासुरवाडीला, उजनीच्या पाण्याकाठी निघून गेला. इकडे कार्ड बदललं, चादर गाजली.

"काय सांगितलं गेलं ते फक्त दोघांना माहीत," मास्तर म्हणाले. "मला आणि त्याला. ग्राफात न्हाई ते. कशातच न्हाई."

यूपीएसचा आवाज आता न तुटता यायला लागला. म्हणजे दोन-तीन मिनिटं. खालून सलीमभाईंची हाक आली, "मॅडम, न्हाय होत चालू! लवकर करा जे काय करायचं ते!"

मी टॉर्च पुन्हा कागदावर धरला. मास्तरांनी भिंग बाजूला ठेवलं. भोंगा पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला आणि त्याच्याबरोबर, मोठ्यानं, मास्तरही – "एत्तू, एत्तू, विडू..." – कागदाकडे न बघता भरत गेले. सातवा आठ झाला. पेन्सिल तिथंच टेकली. मग सांगितलं तसं भरलं. अकरा आठ. टेबलावर पेन्सिलीनं त्यांनीच टक-टक केलं.

आकडा बहात्तर झाला नाही. एकाहत्तरवरून सरळ शंभर झाला. स्क्रीन काळी झाली, कॉम्प्युटर आपोआप पुन्हा सुरू झाला, यादीत नवी हार्ड डिस्क दिसली. मी शट डाऊन केलं, आणि मी स्विचवरून हात काढते न काढते तोच यूपीएस मेला. बारा एकतीस.

आता नंतरचं.

सोमवारी जुन्या डिस्कवरचं सगळं नव्यावर घेतलं. मास्तरांची एकही फाईल गेली नाही. मी सगळ्यात आधी अंबारीचा हत्ती उघडला आणि ती ओळ मोजली. बारा आठ, बिनचूक. हे महत्त्वाचं आहे. कारण सर्व्हिसवाल्या इंजिनियरचं म्हणणं पडलं, की अपडेट अडकलं असेल आणि कॉम्प्युटरमधला डेटा भोंग्यातून बाहेर पडला असेल. होतं म्हणे असं... कधीतरी. पण कॉम्प्युटरमधल्या डेटात ती ओळ बरोबर आहे. जी चूक वाजली ती कुठल्याही डिस्कवर, चिपवर, कागदावर नाही. ती एकदा मोठ्यानं बोलली गेली होती, एवढंच. आणि तेव्हा हा कॉम्प्युटर तयारही झाला नव्हता. इंजिनियरनं माझा काड्यांचा कागद पाहिला, फाईल पाहिली, चहा घेतला आणि गेला.

इथं संपलं असतं तर मी लिहिलं नसतं.

त्या सोमवारपासून रोज सकाळी साडेनऊला कॉम्प्युटर चालू केला की स्क्रीन काळीच राहते आणि भोंगा ती ओळ सांगतो. अकरा आठ, टक-टक. मास्तर समोर बसून, पेन्सिल घेऊन ती भरतात. मगच विंडोज येतं. सलीमभाईंनी भरून पाहिली, मालकांनी भरून पाहिली, मी तर चार वेळा. नाही. भोंग्याची वायर सलीमभाईंनी कापली – आवाज बंद झाला, पण स्क्रीनही काळीच राहिली, शेवटी परत जोडावी लागली. बायोस पुन्हा टाकून पाहिलं. चार मिनिटांत सुरळीत झालं, आणि दुसऱ्या दिवशी साडेनऊला तेच. "बंदच नको करू," असं मालक म्हणाले, म्हणून रात्रभर चालू ठेवलं. सकाळी येऊन बघते तर बंद पडलेलं.

मास्तर एक दिवस आले नाहीत तर चार माग बंद उभे. तापात आले, सणाला आले. दसरा होऊन गेला. हैदराबादचं तिकीट मी दोनदा काढलं आणि दोनदा रद्द केलं. लेक फोनवर मलाच बोलते, "मॅडम, बाबांना सोडा आता." काय सांगणार तिला? सलीमभाई आता जिन्यात मास्तरांची थट्टा करत नाहीत.

पावसाळ्यातच मी दशरथचा नंबर मिळवला. कसा ते सोडा – तीन फोन आणि एक ग्रामपंचायत. फोन लावला.

"हॅलो, कोन?"

मी कारखान्याचं नाव सांगितलं. पलीकडे पाण्याच्या मोटारीचा आवाज.

"व्हय, मीच दशरथ. बोला की."

"मास्तरांना तुम्हाला भेटायचंय."

"कशापायी?"

"ते त्यांनीच सांगायचं आहे."

मी त्यांना भोंग्याबद्दल काही सांगितलं नाही. मे महिन्यातल्या त्या शनिवारी काय करत होता, एवढं मात्र आडून विचारलं. "काय करनार, केळीला पानी," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "मास्तरला दिसतंय का अजून नीट? तवाच चष्म्याचा नंबर लई होता." आणि शेवटी – "मी तितं यायचा न्हाई, बाई. त्येंनी यावं. रस्ता घावला न्हाई तर मी हायवेच्या फाट्याला येऊन हुबा ऱ्हातो. गाडीवरनं फुडं घिऊन जातो. एवढं सांगा."

मी सांगितलं. शब्दाला शब्द. मास्तरांनी ऐकलं आणि मान हलवली. "जाऊ की अम्मा. पाऊस उघडू दे." पाऊस उघडला. "दसरा होऊ दे." मग "थंडी सरू दे."

गेल्या आठवड्यात मी सरळच विचारलं. सकाळची ओळ भरून झाली होती, ते पेन्सिलीला टोक करत होते. "मास्तर, तासाभराचा रस्ता आहे. जाऊन एकदा सांगून यायचं. भीती कसली आहे?"

त्यांनी टोक करणं थांबवलं नाही. "जाऊन आलो, सांगून आलो, आणि दुसऱ्या दिवशी हे तरीबी वाजलं तर? आत्ता निदान एक काम बाकी आहे, असं तरी म्हणता येतंय."

हे का होतंय ते मला माहीत नाही, कुणी सांगू शकत असेल तर जरूर सांगा – पण वायरिंग सोडून.

वहीत नोंद आहे. काम – दशरथ यांच्याकडे जाणे. कोण – मास्तर, सोबत मी आणि सलीमभाई. गाडी – मालकांची, मिळाली आहे. डबा – मी आणणार. तारीख – या रविवारची घातली होती, खोडली. त्याआधीच्या सहा तारखाही खोडलेल्या आहेत. पुढच्या रविवारची आज सकाळी पेन्सिलीनं लिहिली आहे. मास्तरांना अजून विचारलेलं नाही.